पल्स ऑक्सिमीटर म्हणजे काय? तो कसा काम करतो आणि कुठे चुकतो?

कोरोनाच्या काळात बोटाला लावायचं ते चिमट्यासारखं छोटं यंत्र घरोघरी आलं. आता तर ब्लड ऑक्सिजनचा आकडा स्मार्टवॉचवरही दिसतो. पण तो येतो कुठून?

कसा काम करतो?
यंत्रातून बोटात दोन प्रकारचा प्रकाश सोडला जातो: लाल (सुमारे ६६० नॅनोमीटर) आणि इन्फ्रारेड (सुमारे ९४० नॅनोमीटर). ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन इन्फ्रारेड जास्त शोषतं, तर ऑक्सिजन नसलेलं लाल. नाडीच्या ठोक्यांसोबत हे प्रमाण कसं बदलतं, त्यावरून टक्केवारी काढली जाते. ही पद्धत जपानचे इंजिनिअर ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास शोधली.

कुठे चुकतो?
२०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑक्सिमीटरचे आकडे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीशी ताडून पाहिले. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना प्रत्यक्ष ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली, असं गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के नोंदींत, तर कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के नोंदींत आढळलं. त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. म्हणजे सावळ्या रंगाच्या आपल्यासारख्यांनीही सावध राहायला हवं.

काय लक्षात ठेवाल?
- नेलपॉलिश काढा, गार पडलेला हात आधी गरम करा आणि बोट हलवू नका.
- एकाच आकड्यावर जाऊ नका, तो घसरतोय का ते बघा.
- दम लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा माणूस गोंधळल्यासारखा वागत असेल, तर आकडा ९६ असला तरी लगेच डॉक्टरांकडे जा.

स्क्रीनइतकंच पेशंटकडेही बघा!