चुलीचीं स्थित्यंतरें

राजेरजवाडे, लढाया आणि तह यांचा इतिहास लिहिणारांनीं चुलीकडे फारसें लक्ष दिलेलें नाहीं. वास्तविक राज्यें बुडालीं तरी चूल दोन वेळां पेटवावीच लागते, आणि तिच्यापुढें बसणारीच्या डोळ्यांत धूर जातो तो राज्य कोणाचेंही असलें तरी जातोच. आज युरोपांत व अमेरिकेंत नवें घर मांडणारीं माणसें इंडक्शनची शेगडी घ्यावी कीं गॅसची, तिच्याखालीं भाजण्याची भट्टी, म्हणजे ओव्हन, एक असावा कीं दोन, याचा खल करीत असतात. आपल्याकडील शहरांतही यांपैकीं पहिला प्रश्न आतां अनेक घरांत आला आहे. त्याच्या मागें सव्वादोनशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

त्याचा आरंभ बेंजामिन थॉम्सन या विलक्षण पुरुषापासून करावा लागतो. तो १७५३ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत जन्मला. स्वातंत्र्ययुद्धांत इंग्रजांस मिळाला, बायकोमुलीस मागें टाकून इंग्लंडांत पळाला, आणि पुढें बव्हेरियाच्या अधिपतीच्या पदरीं राहून काउंट रम्फर्ड झाला. माणूस म्हणून त्याची थोरवी गाण्याजोगी नाहीं. परंतु उष्णतेचें वर्म त्याच्याइतकें त्या काळीं थोड्यांनाच कळलें होतें. १७९० च्या पहिल्या दिवशीं त्यानें म्यूनिक शहरांतील भिकारी धरून आणविले आणि त्यांना उद्योगगृहांत कामास लाविलें. इतक्या लोकांस रोज जेवूं घालावयाचें म्हणजे जळणाचा खर्च डोळ्यांत भरणारच. त्या वेळचें युरोपांतील सामान्य स्वयंपाकघर म्हणजे भिंतींतील एक मोठा उघडा कोनाडा. त्यांत ओंडके जळत, भांडें वर टांगलेलें असे, आणि बहुतेक ऊब धुराड्यांतून आकाशांत जाई. रम्फर्डनें विटांचा बंदिस्त ओटा बांधला, भांडीं त्यांत रुतवून बसविलीं, प्रत्येक मोठ्या भांड्याखालीं स्वतंत्र लहान जाळ केला, आणि हवा आंत घेण्यास व धूर बाहेर सोडण्यास झडपा ठेविल्या. जाळ हवा तेथेंच, हवा तितकाच! आजच्या उत्तमांतील उत्तम शेगडीचें तत्त्व याहून निराळें नाहीं. आपल्याकडील मातीच्या चुलीच्या वैलावर आमटी कढत ठेवणाऱ्या बायकांना उष्णता वायां न दवडण्याची ही युक्ति कोणत्याही काउंटनें शिकविली नव्हती, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

इंग्लंडांत ही झांकलेली चूल सहजासहजीं रुजली नाहीं. धगधगता विस्तव डोळ्यांपुढें दिसल्यावांचून इंग्रज गृहस्थास घर घरासारखें वाटत नसे. ज्योत न दिसणाऱ्या चुलीविषयींचा अविश्वास असा जुनाच आहे. रम्फर्डनें उतारवयांत लाव्हाझिए या रसायनज्ञाच्या विधवेशीं विवाह केला, तोही टिकला नाहीं. बाईंनीं रागाच्या भरांत आपल्या फुलझाडांवर उकळतें पाणी ओतलें, असें त्यानें मुलीस पत्रानें कळविलें. उष्णतेच्या अभ्यासकाच्या नशिबीं तेंही आलें!

परंतु त्याच्या हातून एक मोठें काम झालें. १७९९ सालीं लंडनमध्यें रॉयल इन्स्टिट्यूशन स्थापण्यांत त्यानें पुढाकार घेतला. शास्त्रांतील शोध सामान्य माणसाच्या नित्य व्यवहारास लागावेत हा तिचा हेतु होता. त्याच संस्थेंत २९ ऑगस्ट १८३१ रोजीं लोहाराचा मुलगा मायकेल फॅरेडे यानें लोखंडी कड्यावर तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळलीं. एकांतील विद्युत्प्रवाह सुरू किंवा बंद करतांच दुसऱ्यांत क्षणभर प्रवाह उमटतो असें त्याला आढळलें. रम्फर्ड १८१४ मध्यें वारला होता. आपण काढलेल्या संस्थेंत पुढील युगाच्या चुलीचें बीज पेरलें जाईल, हें त्याच्या स्वप्नींही नसेल. १८५५ सालीं फूको या फ्रेंच शास्त्रज्ञानें चुंबकाच्या टोंकांमध्यें तांब्याची तबकडी फिरविली असतां ती तापते, असें दाखविलें.

यापुढें शंभर वर्षें तरी या तत्त्वाचा स्वयंपाकास उपयोग झाला नाहीं. १९५५ च्या सुमारास अमेरिकेंतील फ्रिजिडेअर कंपनीनें शेगडी व भांडें यांच्यामध्यें वर्तमानपत्र ठेवून पाणी उकळून दाखविलें. कागद जळला नाहीं. लोकांनीं आश्चर्य केलें, पण ती शेगडी बाजारांत आली नाहीं. १९७१ सालीं वेस्टिंगहाउस कंपनीनें आपली शेगडी लोकांपुढें मांडली, ती मात्र पुढें विक्रीस आली. काचेखालील वेटोळ्यांतील प्रवाह सेकंदास वीस हजारांहून अधिक वेळां दिशा बदलतो, त्यामुळें भांड्याच्या बुडांतच प्रवाह उत्पन्न होऊन बूड तापतें. येथें चूल तापत नाहीं, भांडेंच चूल होतें. म्हणूनच बुडास चुंबक चिकटला पाहिजे. बिडाचा सपाट तवा चालतो. आजीच्या कल्हईच्या पितळी पातेल्यास मात्र येथें थारा नाहीं.

ओव्हनचा प्रश्न निराळा. इंडक्शन वरच्या काचेपुरतें असतें. खालचा ओव्हन साध्या तापणाऱ्या तारांवरच चालतो. दोन ओव्हनांची चूल प्रसिद्धीस आणली ती गुस्ताफ डालेन या स्वीडिश शास्त्रज्ञानें. दीपगृहांतील गॅसच्या दिव्यांचें स्वयंचलित नियंत्रण शोधल्याबद्दल १९१२ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं ॲसिटिलीनच्या स्फोटांत त्याचे दोन्ही डोळे गेले. घरीं असतां पत्नीस चुलीपाशीं किती राबावें लागतें हें त्याच्या ध्यानांत आलें, असें सांगतात. १९२२ सालीं त्यानें ‘आगा’ चूल सिद्ध केली. तिच्यांत बिडाचें जाड अंग, एकच अखंड विस्तव, वर झांकणाच्या दोन तापत्या तबकड्या आणि खालीं दोन ओव्हन होते. एक कडक भाजण्याचा, दुसरा मंद शिजविण्याचा. उष्णता चूल स्वतःच संभाळी.

आजच्या दोन ओव्हनांत प्रत्येकाची उष्णता निराळी राखतां येते, आणि दोघांपुरतें भाजावयाचें तर लहानच तापवावा लागतो, ही काटकसर खरी. परंतु एकाच चुलींत दोन बसविले म्हणजे प्रत्येकाचें पोट लहान होतें, आणि खालचा जमिनीशीं टेंकतो. गुडघे दुखणाऱ्या बाईनें तेथून जड कढत पात्र उचलावयाचें, हें दुकानांत उभ्याउभ्या ध्यानांत येत नाहीं. तेथें वांकून पाहिलें पाहिजे.

काचेचेंही तसेंच आहे. बहुतेक इंडक्शन शेगड्यांवर आज बोटाच्या स्पर्शानें चालणारीं गुळगुळीत चिन्हें असतात. तीं हातास लागत नाहींत, आणि ज्योत तर दिसावयाची नसतेच. डालेनसारख्या डोळे गेलेल्या माणसास ती शेगडी एकट्यानें चालविणें कठीण. फिरविण्याच्या खुंट्या असलेले कांहीं नमुने अजून मिळतात.