मेरुरज्जूची दोन मुळे : एका शोधाचा इतिहास

पाठीच्या कण्यातील मणक्यांच्या पोकळीतून जाणारा मेरुरज्जू प्रौढ माणसात सुमारे ४५ सेंटीमीटर लांब आणि जेमतेम करंगळीएवढा जाड असतो. कवटीच्या तळाशी सुरू होऊन तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्यापासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात : मानेच्या ८, छातीच्या १२, कमरेच्या ५, त्रिकास्थीच्या ५ आणि माकडहाडाची १. हे मज्जातंतू सामान्यतः दोन मुळांनी उगम पावतात. पाठीकडचे पश्चमूळ संवेदना आत आणते, तर पुढचे अग्रमूळ स्नायूंना हालचालीची आज्ञा पोहोचविते. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हे आज एका वाक्यात सांगतो. या एका वाक्यासाठी मानवजातीला किती शतके वाट पाहावी लागली आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही.

प्राचीन इजिप्तमधील एका शस्त्रवैद्यकीय पपायरसमध्ये मानेचा मणका निखळलेल्या रुग्णाचे वर्णन आहे. त्याला हातापायांची जाणीव उरत नाही, लघवीवर ताबा राहत नाही, आणि अशा रुग्णावर उपचार करू नयेत असा निर्वाळा तेथे दिलेला आहे. निरीक्षण अचूक होते. कारण अज्ञात होते.

कारणाचा पहिला पद्धतशीर शोध इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेन या ग्रीक वैद्याने घेतला. प्राण्यांचा मेरुरज्जू निरनिराळ्या पातळ्यांवर कापून, त्या पातळीच्या खालचे अवयव लुळे पडतात हे त्याने दाखविले. त्याने नोंदविलेली एक हकिगत विशेष उद्बोधक आहे. पॉसानिअस नावाच्या एका विद्वानाच्या करंगळीची, अनामिकेची आणि अर्ध्या मधल्या बोटाची संवेदना गेली होती. इतर वैद्य बोटांनाच लेप लावीत होते. हा गृहस्थ पूर्वी गाडीतून पडला होता आणि त्याच्या पाठीच्या वरच्या भागाला मार लागला होता, हे गेलेनने चौकशी करून काढले. त्याने लेप बोटांवरून काढून मानेच्या खाली लावविला व रुग्ण बरा झाला. लेपाचा गुण किती आणि काळाचा किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. व्याधी बोटात नसून मज्जातंतूच्या उगमाशी आहे, हे निदान थक्क करणारे आहे. त्यातही एक कोडे होते. बोटांचा स्पर्श गेला, पण हालचाल शाबूत होती. एक जाते आणि दुसरे राहते, ते कसे?

पुढे मृतदेहांच्या विच्छेदनाने रचना उलगडत गेली. दोन मुळे अनेकांनी पाहिली, रेखाटली. पण मृत शरीर कार्य सांगत नाही.

इ.स. १८११ मध्ये लंडनस्थित स्कॉटिश शस्त्रवैद्य चार्ल्स बेल यांनी एक लहानशी पुस्तिका खासगीरीत्या छापून मित्रांत वाटली. पश्चमूळ कापले तरी स्नायूंना आचके येत नाहीत, अग्रमुळाला नुसता स्पर्श होताच ते येतात, असे त्यांनी तीत नोंदविले. परंतु पश्चमूळ संवेदनेचे आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. तो काढला पॅरिसच्या फ्रांस्वा माजांदी यांनी, इ.स. १८२२ मध्ये. सहा आठवड्यांच्या आठ पिल्लांवर, म्हणजे कुत्र्याच्या एका वेताच्या पिल्लांवर, त्यांनी प्रयोग केले. पश्चमुळे कापलेला पाय हलत होता, पण टोचल्याचे त्याला कळत नव्हते. अग्रमुळे कापलेला पाय लुळा पडला, पण त्याची संवेदना कायम होती. पॉसानिअसच्या बोटांच्या कोड्याची किल्ली सोळा शतकांनी सापडली.

मग श्रेयाचा वाद पेटला. बेल यांनी आपले जुने लेख पुन्हा छापताना त्यांत माजांदींच्या निष्कर्षांशी जुळणारे फेरफार केले. हे कृत्य त्यांच्या थोर नावाला शोभणारे नव्हते. माजांदी यांनी मात्र बेल यांची पुस्तिका हाती येताच त्यांनी आधी केलेल्या कामाची जाहीर नोंद घेतली. आज हा सिद्धांत 'बेल-माजांदी नियम' या जोडनावानेच ओळखला जातो.

पण सजीवांच्या वेदनेविषयी दोघांची वृत्ती नेमकी उलट होती. बेल यांना जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांचा मनापासून तिटकारा होता. ते त्यांनी केले, पण थोडे आणि नाइलाजाने. माजांदींना असा संकोच नव्हता. ईथरची भूल इ.स. १८४६ मध्ये प्रचारात आली. त्या पिल्लांसाठी ती नव्हतीच. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला हे बोचणारच, आणि ते तत्कालीन युरोपातही अनेकांना बोचले. त्याच १८२२ साली खासदार रिचर्ड मार्टिन यांच्या प्रयत्नाने ब्रिटनमध्ये गुराढोरांवरील क्रौर्याविरुद्ध कायदा झाला होता. माजांदींनी लंडनला येऊन प्रयोग दाखविल्यावर याच मार्टिन यांनी १८२५ मध्ये संसदेत त्यांच्यावर कडाडून टीका केली. प्रयोगांवर प्रत्यक्ष निर्बंध घालणारा ब्रिटिश कायदा १८७६ मध्ये, तर भारतातील प्राणी-क्रौर्य प्रतिबंधक कायदा १९६० मध्ये झाला. दरम्यान १८३१ मध्ये जर्मनीच्या योहानेस म्यूलर यांनी तोच नियम बेडकांवर निर्विवाद सिद्ध केला. पिल्लांच्या जागी बेडूक आला, इतकेच.

या ज्ञानाचा लाभ आज हर्नियाच्या किंवा सिझेरियनच्या रुग्णाला मिळतो. मेरुरज्जू जेथे संपतो त्याच्या खाली, कमरेत सुई देऊन मुळांभोवतीच्या द्रवात औषध सोडले जाते. दोन्ही मुळे थंडावतात. म्हणून वेदना कळत नाही आणि पायही हलत नाहीत. ही पद्धत जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बिअर यांनी १८९८ मध्ये रूढ केली. तिचा परिणाम पारखताना त्यांनी कोकेनचे इंजेक्शन आधी स्वतःच्या पाठीत टोचवून घेतले. पिचकारी सुईला नीट बसली नाही, मेरुद्रव वाहून गेला आणि प्रयोग फसला. मग त्यांचे साहाय्यक हिल्डेब्रांट पुढे सरसावले. त्यांच्या नडगीवर लोखंडी हातोडीचे घाव घातले, तरी त्यांना काही कळले नाही. भूल उतरल्यावर हिल्डेब्रांट यांना ओकाऱ्या झाल्या, नडग्या काळ्यानिळ्या पडल्या. बिअर तर डोकेदुखीने नऊ दिवस अंथरुणाला खिळून होते.