घर आपलं, पण जागा कुणाची? कोकणातल्या घरांची खोतीपासूनची गोष्ट

आजचा भाग जरा कागदपत्रांचा आहे, पण लगेच पुढे ढकलू नका. असलाच एखादा कागद तुमच्याही घरी पत्र्याच्या ट्रंकेत पडलेला असेल.

संगमेश्वर तालुक्यात माझं आजोळ. गेल्या मे महिन्यात गेलो तर मामा वैतागलेला. घरकुलाच्या यादीत नाव आलं, पण जागेचा कागद जुळेना. "तीन पिढ्या ह्याच जोत्यावर राहतोय, घरपट्टी भरतोय, मग जागा माझी नाय तर कुणाची?" सातबारा काढला तर त्यावर अडतीस नावं. निम्मी माणसं मुंबईत, काही तर कधीच वारलेली. आणि आमच्या पणजोबांचं नाव 'इतर हक्क' या रकान्यात. कूळ म्हणून.

या एका शब्दामुळे मी इतिहासात शिरलो.

इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात (सिंधुदुर्गही तेव्हा त्यातच होता, तो वेगळा झाला १९८१ मध्ये) गावंच्या गावं खोतीची होती. खोत हा सरकार आणि रयत यांच्यामधला माणूस. गावाचा सारा त्याने सरकारात भरायचा आणि कुळांकडून आपला वाटा वसूल करायचा. अर्धेलीची जमीन असेल तर पिकाचा निम्मा भाग त्याच्याकडे. वर वेठ, म्हणजे बोलावलं की फुकट राबायला जायचं. १८८० मध्ये इंग्रजांनी खोतीसाठी खास कायदा केला, नियम घातले, पण खोती राहिलीच.

शाळेच्या पुस्तकात आपण धान्याच्या वाट्याबद्दल वाचतो. घराबद्दल कुणी फार बोलत नाही. कुळाने भिंती उभ्या केल्या, छप्पर शाकारलं, दारात तुळस लावली. घर त्याचं. पण पायाखालची जमीन पुष्कळदा दुसऱ्याच्या नावावर. खोताशी बिनसलं तर शेतासोबत घराची जागाही जायची भीती. मग खोताशी भांडायला तोंड कुठून उघडणार?

तरी लोकांनी ते उघडलं. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं संप केला. १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. विधेयक मंजूर झालं नाही. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. लोकमान्य टिळकांचं घराणं शेजारच्या दापोली तालुक्यातल्या चिखलगावचं, खोती असलेलं. एकाच जिल्ह्याच्या एकाच कोपऱ्यातली ही दोन गावं, पण खोतीकडे बघायच्या जागा किती वेगळ्या!

खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या आदल्या वर्षीचा कुळकायदा. त्याचं सोळावं कलम म्हणतं, की कुळाने जमीनमालकाच्या जागेवर स्वतःच्या खर्चाने घर बांधलं असेल, तर शेतजमिनीतून त्याला काढलं तरी घरातून काढता येणार नाही. सतरावं म्हणतं, मालक ती जागा विकणार असेल तर पहिला हक्क कुळाचा. असं कलम कायद्यात घालावं लागतं, यावरूनच आधी काय चालत असेल ते ओळखा.

मग मामाच्या पणजोबांनी... चुकलो, माझ्या पणजोबांनी, जागा नावावर का नाही केली? घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही. कर्ता माणूस गिरणीत, घरी मनीऑर्डर यायची, कचेरीत खेटे घालणार कोण? आणि घरातून कुणी काढत नव्हतंच. कागद राहून गेला.

तो आता आडवा येतो. घरकुलाचे पैसे मिळायचे तर घर बांधायला आपल्या हक्काची जागा दाखवावी लागते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवला तर तो कर आकारणीचा कागद, मालकीचा नव्हे. जागा शेतीची असेल तर बिनशेतीचा प्रश्न येतो, आणि सामाईक असेल तर सगळ्यांची संमती. गावठाणात हे थोडं सोपं असतं. पण कोकणातलं गाव देशावरच्यासारखं एका जागी दाटीने वसलेलं नसतं. एक वाडी डोंगराला टेकलेली, दुसरी खाडीकाठी, मध्ये मैलभर माळ. गावठाणाची हद्द एकीकडे आणि माणसं भलतीकडे. २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना आली, ड्रोनने गावठाणातली घरं मोजून मिळकतीचा कागद द्यायची. चांगली योजना आहे, पण ती गावठाणाची. मामाची वाडी सर्व्हे नंबरात, भातशेतीच्या कडेला.

ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांना ती विकत घ्यायला राज्य सरकारची पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना मदत करते. मामाला ती सुचवली तर तो माझ्याकडे बघतच राहिला. "माझ्याच घराखालची जमीन मी विकत घेऊ?"

सध्या तो मुंबईतल्या सहहिस्सेदारांना फोन लावतोय. अकरा जणांची संमती मिळाली आहे. तुमच्या गावचा सातबारा महाभूलेखवर मोबाईलवरच दिसतो. तो उघडा, 'इतर हक्क' वाचा, आणि तिथे कुणाचं नाव सापडलं ते मला कळवा. पुढच्या भागात गिरणगावातल्या गाववाल्यांच्या खोल्यांबद्दल बोलू.