बेळगावने गमावलेला कारखाना: गावात उद्योग येतो कसा आणि टिकतो कसा?

१/ विसाव्या शतकाचे पहिले दशक संपत आले होते आणि बेळगाव शहर वाढत होते. ठळकवाडीची नवी वस्ती वसवण्यासाठी नगरपालिकेला जागा हवी होती. त्या जागेवर एक लहानसा कारखाना चालू होता. तो तेथून हलवावा, असा आदेश निघाला. आदेश काढणाऱ्यांच्या लेखी ही शहरविस्ताराची नेहमीची बाब होती. बेळगावला ती किती महाग पडली, हे कळायला पुढची चाळीस वर्षे जावी लागली.

२/ तो कारखाना लक्ष्मणराव किर्लोस्करांचा होता. या धाग्याचा विषय मात्र एका उद्योगपतीचे चरित्र हा नाही. एका शहराने हातातला उद्योग का घालवला, एका छोट्या संस्थानाने तो कसा मिळवला आणि मिळवलेला उद्योग टिकवण्यासाठी काय करावे लागले, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. उद्योग आपल्याकडे यावा, अशी इच्छा बाळगणाऱ्या प्रत्येक गावाचा हा प्रश्न आहे.

३/ लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. परंतु काही रंग नीट ओळखता येत नसल्याने चित्रकला सोडून ते यंत्ररेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तेथे बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

४/ बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान १८८८ मध्येच सुरू झाले होते. त्यातून पुढे कडबा कापण्याची यंत्रे आली आणि नंतर लोखंडी नांगर आला. नांगर तयार झाला तरी गिऱ्हाईक तयार नव्हते. लोखंडाने जमीन नासते, असा समज शेतकऱ्यांत रूढ होता. पहिले चाळीस नांगर विकायला सुमारे दोन वर्षे लागली.

५/ म्हणजे आदेश आला तेव्हा हा उद्योग ऐन नाजूक वयात होता. माल चांगला होता, पण बाजारपेठ घडायची होती. गाठीला फारसा पैसा नव्हता. अशा अवस्थेतील कारखान्याला स्थलांतर म्हणजे दुहेरी फटका असतो. यंत्रे उपसून नेण्याचा खर्च होतोच, शिवाय हाताशी घडवलेली माणसे विखुरण्याची भीती असते.

६/ नगरपालिकेला खलनायक ठरवून या घटनेचा उलगडा होत नाही. रस्ते, घरे, सफाई, घरपट्टी ही तिची कामे ठरलेली होती. गावातील कारखानदाराकडे जाऊन ‘तुमचे कसे चालले आहे, कशाची अडचण आहे’ असे विचारणे हे कोणाचेच काम नव्हते. एतद्देशीय उद्योगांना हात देण्याचे धोरण ब्रिटिश सरकारकडेही नव्हते. उद्योग गेला तो वैरामुळे नव्हे, तर त्याची दखल घेणारे कोणी नव्हते म्हणून.

७/ दखल घेतली ती औंध संस्थानाने. औंध म्हणजे अवघ्या ७२ गावांचे, विखुरलेल्या मुलखाचे आणि बऱ्याच अंशी अवर्षणप्रवण संस्थान. १९०९ मध्ये भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी गादीवर आले. ते स्वतः चित्रकार आणि कलासंग्राहक होते. लक्ष्मणरावांशी त्यांचा स्नेह होता आणि औंध येथील एका सभामंडपाच्या बांधकामाचे कामही लक्ष्मणरावांकडे आले होते.

८/ कारखाना हलवावा लागणार, हे कळताच बाळासाहेबांनी आपल्या संस्थानात येण्याचे निमंत्रण दिले. कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज, असा तो देकार होता. रक्कम फार मोठी नव्हती. पण ती हवी त्या वेळी आणि हव्या त्या माणसाला मिळाली. ज्याच्या हाती निर्णय होता त्याला कारखानदाराची नड ठाऊक होती, म्हणून हे घडू शकले.

९/ जमीन पाहिली असती तर कोणीही माघारी फिरला असता. सगळा ओसाड माळ, निवडुंगाची दाटी, सापांचा सुळसुळाट आणि पाण्याचे दुर्भिक्ष. त्या माळाचे एकच मोल होते: आगगाडी. लोखंड व कोळसा आत आणायचा आणि नांगर देशभर पाठवायचे, तर रेल्वे हवीच होती. गावाकडे जे आहे त्यातले कारखान्याला नेमके काय उपयोगी पडेल, हे ओळखून तेच पुढे करण्यात औंधचे शहाणपण दिसते.

१०/ १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची मुहूर्तमेढ रोवली गेली. बेळगावहून मोजके कामगार आपली बिऱ्हाडे घेऊन आले. राहायला घर नाही, जवळपास बाजार नाही, मुलांना शाळा नाही. संस्थानाने उद्योग आणला होता. आता माणसे टिकवण्याचे काम खुद्द कारखान्यालाच करायचे होते.

११/ हे काम लक्ष्मणरावांचे बंधू रामुअण्णा यांनी पत्करले. घरे, रस्ते, पाणी, शाळा आणि बागा अशी वस्ती हळूहळू उभी राहिली. कामगाराला केवळ पगार पुरत नाही, त्याच्या कुटुंबाला तेथे राहावेसे वाटले पाहिजे, हे सूत्र त्यांनी आरंभापासून पाळले. वस्तीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रखवालदारीसारखी विश्वासाची कामे देण्यात आली. त्या काळी ही सामान्य गोष्ट नव्हती.

१२/ पहिल्या महायुद्धात परदेशी मालाची आवक घटली आणि देशी अवजारांना मागणी आली. कच्च्या मालाची टंचाई सोसूनही कारखाना उभा राहिला. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली. नांगराबरोबर उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप आणि पुढे लोखंडी फर्निचर अशी उत्पादनांची यादी वाढत गेली. एक माल अडला तर दुसरा कारखाना चालता ठेवी.

१३/ विक्रीचा प्रश्नही तितक्याच कल्पकतेने हाताळला गेला. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. आरंभी कारखान्याची व त्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवणे हा त्याचा हेतू होता. पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि १९३० मध्ये ‘स्त्री’, तर १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके त्याला जोडली गेली. एका माळरानाचे नाव मराठी घराघरांत गेले ते असे.

१४/ कुंडल रोड स्थानकाचे नावही यथावकाश किर्लोस्करवाडी झाले. गावाच्या प्रसिद्धीचा याहून परिणामकारक मार्ग क्वचितच सापडेल. ‘आमच्याकडे या’ असे सांगणाऱ्या शंभर जाहिरातींपेक्षा ‘इथे आलेल्याचे बरे झाले’ हे दाखवणारे एक उदाहरण अधिक बोलके असते. औंधला त्याचा प्रत्यय लवकरच आला.

१५/ कऱ्हाडजवळ, पण औंधच्याच हद्दीत, १९१६ मध्ये ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला. त्याच्या पाठीशीही बाळासाहेबांचे साह्य होते. कंदिलाच्या काचा आणि ‘प्रभाकर’ कंदील या मालाने ओगलेवाडीचे नाव सर्वदूर नेले. रोख्यावर न दिसणाऱ्या दोन जागा एका छोट्या संस्थानामुळे औद्योगिक नकाशावर आल्या.

१६/ दक्षिण महाराष्ट्रात असा विचार करणारे औंध एकटे नव्हते. इचलकरंजीचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये तेथे पहिला यंत्रमाग सुरू केला. एका मागापासून निघालेला हा व्यवसाय एका घराण्याच्या मालकीत अडकला नाही. माग चालवणारे, सूत पुरवणारे, रंगणारे, दुरुस्ती करणारे, कापड विकणारे असे असंख्य लहान व्यावसायिक त्याभोवती जमत गेले.

१७/ कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी तिसरी वाट धरली. मालाची पैदास होती, पण ती खपवणारी हक्काची पेठ हवी होती. म्हणून १८९५ मध्ये शाहूपुरी ही गुळाची बाजारपेठ वसवण्यात आली आणि व्यापाऱ्यांना तेथे स्थिरावण्यास उत्तेजन मिळाले. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे पोहोचली होतीच. १९०६ मध्ये शाहू मिलची उभारणी सुरू झाली. राधानगरीच्या धरणाचा संकल्पही याच धोरणाचा भाग होता, कारण पाणी नसेल तर ऊस नाही आणि ऊस नसेल तर गूळ नाही.

१८/ या प्रयत्नांचे पुढे काय झाले, हे पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. वीज गावोगाव पोहोचली तसा कंदिलाचा जमाना सरला. ओगलेवाडीचा कारखाना कालांतराने बंद पडला आणि गावाचे नाव तेवढे उरले. शाहू मिलही बंद झाली. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर मंदीची अनेक आवर्तने आली, पण शहर वाढतच राहिले. २०२२ मध्ये तेथे महानगरपालिका झाली. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

१९/ हा फरक नशिबाचा नाही. जेथे सारा भार एका कारखान्यावर होता, तेथे कारखान्याबरोबर गावही खचले. जेथे एका धंद्याभोवती शेकडो हात, कसबे आणि दुकाने गुंतली, तेथे एखादा मालक बुडाला तरी धंदा गावातच राहिला. कारखाना बंद होऊ शकतो किंवा दुसरीकडे जाऊ शकतो. हजार घरांत मुरलेले कसब सहजासहजी जात नाही.

२०/ किर्लोस्करवाडीलाही ही मर्यादा जाणवली. उद्योगसमूहाचा विस्तार पुढे बाहेर झाला: १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे आणि १९४६ मध्ये पुणे व बंगळूर येथे. १९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झाले आणि राजाश्रय संपला. तरीही मूळ कारखाना त्याच माळावर चालू राहिला. आजही तेथे पंप तयार होतात. तोवर तेथे वस्ती, कुशल माणसे आणि कामाची परंपरा रुजली होती. दहा हजारांचे कर्ज कधीच इतिहासजमा झाले होते. उद्योग धरून ठेवला तो या तीन गोष्टींनी.

२१/ राजाश्रयाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. औंधचा निर्णय एका राजाच्या स्नेहावर आणि मर्जीवर अवलंबून होता. गादीवर दुसरा कोणी असता तर तो माळ माळच राहिला असता. आजच्या लोकनियुक्त संस्थांना अशा मर्जीवर विसंबता येत नाही आणि विसंबूही नये. राजाने जे आपुलकीने केले, ते आता नियमाने आणि सातत्याने व्हावे लागते.

२२/ म्हणूनच ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा स्थानिक व्यापारी संघटना यांना या इतिहासातून काही व्यवहार्य गोष्टी घेता येतात. पहिली: बाहेरच्या उद्योगाला आवतण देण्याआधी गावातील उद्योगांची यादी करावी आणि वर्षातून एकदा तरी प्रत्येकाच्या दारात जावे. जागा अपुरी पडते का, भाडेकरार संपत आला आहे का, रस्ता रुंदीकरणात शेड जाणार आहे का, हे आधी कळले तर उपाय निघतो. नोटीस हातात पडल्यावर फक्त स्थलांतर उरते.

२३/ दुसरी: सवलतीच्या मोठेपणापेक्षा निर्णयाची तत्परता महत्त्वाची असते. तिसरी: जाहिरात करताना ‘सर्व सोयींनी युक्त’ असे मोघम न लिहिता आपली नेमकी जमेची बाजू सांगावी, मग ती रेल्वे असो, पाणी असो वा पिढीजात कसब. चौथी: कामगाराच्या कुटुंबाचा विचार करावा. शाळा, दवाखाना आणि बसची वेळ यांवरही कारखान्याचे भवितव्य ठरते.

२४/ पाचवी आणि सर्वांत दुर्लक्षित: एका मोठ्या कारखान्यावर संतुष्ट राहू नये. त्याला लागणारे सुटे भाग, दुरुस्ती, वाहतूक आणि बांधणी ही कामे गावातच कशी होतील, हे पाहावे. आयटीआयच्या अभ्यासक्रमाची त्या कामाशी सांगड घालावी. कारखान्याचा पसारा इतरत्र वाढला, तरी गावाच्या हाती काही उरावे, याची तजवीज तो चालू असतानाच करावी लागते.

२५/ बेळगाव पुढे औद्योगिकदृष्ट्या मागे पडले, असे नाही. ओतकामाच्या व्यवसायात त्या शहराने मोठे नाव कमावले. पण ज्या नांगराचे दोन वर्षे गिऱ्हाईक शोधले गेले, तो घेऊन जाणाऱ्या माणसाला ‘थांबा, शहरातच दुसरी जागा पाहू’ असे म्हणणारे त्या दिवशी कोणी निघाले नाही. औंधच्या राजाने त्याला ओसाड माळ दाखवला आणि लक्ष्मणराव तेथे गेले.