नऊ वर्षांच्या युद्धकाळातील इंग्लंडची संसद व करव्यवस्था

इ.स. १६८९ ते १६९७ या काळात इंग्लंडने फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्याविरुद्ध जे युद्ध लढले, त्याला नऊ वर्षांचे युद्ध असे म्हणतात. या युद्धाचा खर्च भागवण्यासाठी इंग्लंडच्या संसदेने नवे कर बसवले, जुने कर वाढवले आणि दीर्घ मुदतीच्या सार्वजनिक कर्जाची पद्धत रूढ केली. जमीनकर, मुद्रांक शुल्क, खिडकी कर आणि बँक ऑफ इंग्लंड या सर्वांचा उगम याच काळात झाला. पैशाच्या गरजेमुळे राजाला दरवर्षी संसद बोलवावी लागू लागली. १६८९ पासून संसदेचे अधिवेशन भरले नाही असे एकही वर्ष गेलेले नाही.

पार्श्वभूमी

दुसरा जेम्स १६८५ मध्ये गादीवर आला तेव्हा संसदेने त्याला जकात व अबकारीचे उत्पन्न आयुष्यभरासाठी मंजूर केले. व्यापारही भरभराटीस आला असल्याने त्याच्या तिजोरीत वर्षाला सुमारे २० लाख पौंड जमा होऊ लागले. परिणामी नोव्हेंबर १६८५ मध्ये संसद स्थगित केल्यानंतर त्याला ती पुन्हा बोलावण्याची गरजच भासली नाही. हा अनुभव सभासद विसरले नव्हते. १६८८ च्या रक्तशून्य राज्यक्रांतीनंतर तिसरा विल्यम व दुसरी मेरी यांना संयुक्तपणे राज्य मिळाले. डिसेंबर १६८९ मधील बिल ऑफ राइट्सने संसदेच्या मंजुरीशिवाय कर वसूल करणे, तसेच शांततेच्या काळात तिच्या संमतीशिवाय खडे सैन्य ठेवणे बेकायदेशीर ठरवले.

केवळ या तत्त्वाच्या उच्चाराने मात्र राजा बांधला गेला नसता. तो बांधला गेला तो उत्पन्नाच्या मुदतीमुळे. १६९० मध्ये जकातीचे उत्पन्न विल्यमला आयुष्यभरासाठी न देता फक्त चार वर्षांसाठी देण्यात आले. आपल्यावर अविश्वास दाखवला गेला अशी विल्यमची भावना झाली, आणि ती चुकीची नव्हती. मे १६८९ मध्ये युद्ध जाहीर झाले होते, आयर्लंडमध्ये जेम्सचे सैन्य उभे होते आणि नेदरलँड्सच्या रणभूमीवर इंग्रज पलटणी पाठवायच्या होत्या. त्यामुळे वाटाघाटीत संसदेचे पारडे जड राहिले.

विल्यमने आरंभी लोकांना खूश करणारा एक निर्णय घेतला होता. १६६२ पासून प्रत्येक चुलीमागे वर्षाला २ शिलिंग घेणारा चूल कर १६८९ मध्ये रद्द झाला. वसुलीसाठी अधिकारी घरात शिरून चुली मोजत असत, यामुळे हा कर अत्यंत अप्रिय होता. मात्र सात वर्षांनी सरकार पुन्हा घरापाशी आले आणि या वेळी ते बाहेरूनच खिडक्या मोजू लागले.

संसदेतील अर्थविषयक कामकाज

विल्यम उन्हाळ्यात युद्धभूमीवर असे आणि शरद ऋतूत लंडनला परते. त्यामुळे अधिवेशन साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन वसंत ऋतूपर्यंत चाले. राजाच्या भाषणानंतर पुढील वर्षीचे सैन्य व आरमार यांच्या खर्चाचे अंदाज कॉमन्स सभागृहापुढे ठेवले जात. मग संपूर्ण सभागृह समितीच्या रूपात बसे आणि अध्यक्ष आसन सोडून खाली येत असे. अशा समित्या दोन होत्या. पुरवठा समिती किती सैनिक, किती जहाजे व किती रक्कम द्यायची हे ठरवी. ती रक्कम कोणत्या करातून उभी करायची याचा विचार उपाययोजना समिती करी. त्यानंतर विधेयकाची तीन वाचने होऊन ते लॉर्ड्स सभागृहाकडे जाई. अर्थविधेयकात लॉर्ड्सने फेरफार करू नये, असे कॉमन्सने १६७१ व १६७८ मध्येच ठरावाने बजावले होते. भारतीय संविधानात धनविधेयक केवळ लोकसभेत मांडण्याची जी तरतूद आहे, तिची परंपरा याच ब्रिटिश प्रथेपर्यंत मागे जाते.

या काळातील कायद्यांची वर्षे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. इंग्लंडमध्ये तेव्हा नवे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे जानेवारीतील कायद्याचे वर्ष जुन्या कागदपत्रांत एकाने कमी आढळते.

मंजूर पैसा ठरल्या कामावरच खर्च व्हावा यासाठी कायद्यांत विनियोगाची कलमे घातली जात. पैसा खरोखर कुठे गेला हे तपासण्यासाठी १६९१ मध्ये सार्वजनिक लेखा आयोगाने काम सुरू केले. कॉमन्सने आपल्या सभासदांतून निवडलेल्या या आयोगात पॉल फोली, रॉबर्ट हार्ली, सर थॉमस क्लार्जेस असे सरकारचे कठोर टीकाकार होते. आयोगाने राजाच्या मंत्र्यांना हिशेबांची उत्तरे द्यायला लावली. हार्ली पुढे देशाचा प्रमुख मंत्री झाला. आकड्यांवरील त्याची पकड याच कामातून आली असे मानण्यास जागा आहे.

१६९५ मध्ये भ्रष्टाचाराची प्रकरणे एकामागून एक उघडकीस आली. कोषागाराचा सचिव हेन्री गाय याची लाच घेतल्याबद्दल टॉवरमध्ये रवानगी झाली. कॉमन्सचा अध्यक्ष सर जॉन ट्रेव्हर याने एका विधेयकासाठी लंडन शहराच्या महापालिकेकडून १००० गिनी घेतल्याचे सिद्ध झाले. स्वतःला दोषी ठरवणारा प्रस्ताव त्याला अध्यक्ष या नात्याने स्वतःच मताला टाकावा लागला. काही दिवसांतच त्याची सभागृहातून हकालपट्टी झाली आणि फोली अध्यक्षपदी आला.

जमीनकर

युद्धकाळातील करांत सर्वाधिक उत्पन्न जमीनकराने दिले. १६९३ च्या आरंभी मंजूर झालेल्या कायद्याने वार्षिक उत्पन्नाच्या प्रत्येक पौंडामागे ४ शिलिंग, म्हणजे एक-पंचमांश, इतका कर बसवला. कायद्यात पगार व जंगम मालमत्ता यांचाही समावेश होता. पण पैसा व माल लपवता येतो, जमीन लपवता येत नाही. म्हणून प्रत्यक्ष भार जमीनदारांवर पडला. कॅथलिकांना व राजनिष्ठेची शपथ न घेणाऱ्यांना दुप्पट दराने कर द्यावा लागे.

पहिल्या वर्षी सुमारे १९ लाख पौंड मिळाले. आकारणीचे काम पगारी अधिकाऱ्यांकडे नव्हते. कायद्यात नावानिशी नेमलेले स्थानिक प्रतिष्ठित जमीनदारच आयुक्त म्हणून ते करीत, म्हणजे ज्यांनी कर द्यायचा तेच आपला व शेजाऱ्यांचा कर ठरवत. दरवर्षी जमिनीचे उत्पन्न कमी दाखवले जाऊ लागले आणि वसुली घसरली. युद्धाच्या अखेरीस संसदेने दराचा हिशेब सोडून प्रत्येक परगण्याला ठरावीक रक्कम नेमून दिली. पौंडामागे १ शिलिंग म्हणजे देशभरातून सुमारे ५ लाख पौंड असे समीकरण रूढ झाले. लंडनभोवतीच्या आग्नेय भागावरील वाटा उत्तर व पश्चिमेकडील परगण्यांपेक्षा जड होता. ही विषमता पुढे शतकभर तशीच राहिली.

अबकारी व इतर कर

अबकारी कराची यंत्रणा याच्या उलट होती. बिअर गाळणाऱ्यांकडे सरकारचे पगारी, गणित शिकलेले अधिकारी येऊन पिंपे मोजत व नोंदवहीत आकडे लिहीत. युद्धाच्या वर्षांत मीठ, माल्ट, कातडे, काच अशा वस्तूंवरही शुल्क आले. सर्व उपभोग्य वस्तूंवर अबकारी लावावी अशी सूचना वारंवार पुढे आली, पण कॉमन्सने ती मानली नाही. असा कर एकदा बसला की कायमचा होईल आणि राजाला संसदेची गरज उरणार नाही, ही भीती त्यामागे होती. जमीनदार सभासदांनी स्वतःच्या जमिनीवरील जड कर पत्करला, कारण तो एका वर्षापुरता असे.

डोईपट्टी अनेकदा घेण्यात आली, परंतु तिचे उत्पन्न नेहमी अंदाजापेक्षा कमी भरले. १६९४ मध्ये कायदेशीर कागदपत्रांसाठी मुद्रांक शुल्क आले. आरंभी चार वर्षांसाठी असलेले हे शुल्क आजही चालू आहे. १६९५ पासून जन्म, विवाह व दफन यांवर कर लागला. २५ वर्षांवरील अविवाहित पुरुष व अपत्यहीन विधुर यांनाही दरवर्षी कर द्यावा लागे. सर्वसाधारण माणसाला दफनासाठी ४ शिलिंग, विवाहासाठी अडीच शिलिंग व जन्मासाठी २ शिलिंग असा दर होता आणि प्रतिष्ठेनुसार तो वाढत असे. धर्मादायावर जगणाऱ्यांना सूट होती. या करासाठी तयार झालेल्या रहिवाशांच्या याद्यांचा उपयोग ग्रेगरी किंग याने इंग्लंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख असल्याचा अंदाज बांधताना केला.

कर्ज आणि बँक ऑफ इंग्लंड

युद्धकाळात सरकारचा खर्च वर्षाला सरासरी सुमारे ५५ लाख पौंड होता, तर करांचे उत्पन्न सुमारे ३६ लाख. हे अंतर आरंभी अल्प मुदतीच्या कर्जाने भरले जाई. धनकोला खाचा पाडलेली लाकडी पट्टी, म्हणजे टॅली, पावती म्हणून मिळे आणि ठरलेल्या कराचे पैसे जमा झाले की त्याची फेड होई. कर कमी जमला की टॅलींची किंमत बाजारात घसरत असे.

१६९३ मध्ये १० लाख पौंडांचे दीर्घ मुदतीचे कर्ज काढण्यात आले. त्यात टोंटाइनची योजना होती, म्हणजे मरण पावलेल्यांचा वाटा जिवंत सहभागींना मिळत जाई. तिला प्रतिसाद थोडा मिळाला. बहुतेकांनी १४ टक्के दराने आजीव वर्षासन घेणे पसंत केले. हा दर मूल व वृद्ध यांना सारखाच होता. त्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली याने ब्रेस्लाऊ शहराच्या मृत्युनोंदींवरून वर्षासनाची किंमत वयानुसार कशी काढावी हे दाखवून दिले, पण कोषागाराने तिकडे लक्ष दिले नाही. १६९४ मध्ये प्रत्येकी १० पौंडांची एक लाख तिकिटे काढून सोडत झाली. तीत बक्षीस न लागलेल्या तिकिटालाही १६ वर्षे दरसाल १ पौंड मिळणार होता.

त्याच वर्षी जहाजांचा टनभार व मद्ये यांवरील शुल्काच्या कायद्यातून बँक ऑफ इंग्लंड जन्माला आली. सदस्यांनी सरकारला १२ लाख पौंड ८ टक्के व्याजाने द्यायचे आणि त्यांना बँक म्हणून सनद मिळायची, असा हा व्यवहार होता. व्याज व व्यवस्थापनाचे ४ हजार मिळून सरकारला वर्षाला १ लाख पौंड द्यावे लागत. भागांची नोंदणी दोन आठवड्यांच्या आत पूर्ण झाली. राजाने रिकामी केलेली तिजोरी आणि संसदेने कायद्याने बांधून दिलेले शुल्क यांतील फरक धनकोंना कळत होता. योजना कॉमन्समध्ये पुढे नेणारा चार्ल्स माँटेग्यू लवकरच अर्थमंत्री झाला.

१६९६ चे संकट

कडा कापलेल्या चांदीच्या नाण्यांचे वजन निम्म्यापर्यंत उतरले होते. १६९६ मध्ये ती परत घेऊन जुन्या प्रमाणानुसार पूर्ण वजनाची नाणी पाडण्याचे ठरले. नव्या नाण्यात चांदी कमी घालावी असे विल्यम लाउंड्सचे मत होते. तत्त्वज्ञ जॉन लॉकने त्यास विरोध केला आणि लॉकची बाजू सरस ठरली. तूट भरण्यासाठी खिडकी कर बसवण्यात आला. पण नवी नाणी पुरेशी तयार होण्याआधीच जुनी बाद झाल्याने उन्हाळ्यात चलनटंचाई झाली. बँकेला रोख पैसे देणे मर्यादित करावे लागले. बँकेला प्रतिस्पर्धी म्हणून मंजूर झालेल्या लँड बँकेकडे २५ लाखांहून अधिक अपेक्षित असताना जेमतेम ७ हजार पौंड जमले. १६९७ मध्ये तुटीत गेलेल्या अनेक करांची थकबाकी, सुमारे ५० लाख पौंड, एकत्र करून तिच्या फेडीसाठी त्या करांची मुदत वाढवावी लागली.

युद्धानंतर

सप्टेंबर १६९७ मध्ये राइसविक येथे तह झाला. सरकारवर तेव्हा सुमारे १ कोटी ६७ लाख पौंडांचे कर्ज होते. कॉमन्सने विल्यमचा विरोध डावलून सैन्य प्रथम १० हजार व नंतर ७ हजारांवर आणले. १६९८ मध्ये राजाच्या घरखर्चासाठी व मुलकी कारभारासाठी वर्षाला ७ लाख पौंड वेगळे काढले गेले.

त्याच वर्षी पैशाच्या गरजेपोटी झालेल्या एका व्यवहाराचे पडसाद भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उमटले. मुंबई ज्यांच्या ताब्यात होती त्या जुन्या ईस्ट इंडिया कंपनीने सरकारला ४ टक्क्यांनी ७ लाख पौंड देऊ केले. प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यांनी ८ टक्क्यांनी २० लाख देऊ केले आणि संसदेने पूर्वेकडील व्यापाराचा हक्क त्यांच्या नव्या कंपनीला दिला. सुरतेत दोन्ही कंपन्यांचे प्रतिनिधी काही वर्षे एकमेकांविरुद्ध मोगल अधिकाऱ्यांकडे तक्रारी करीत राहिले. दोन्हींचे विलीनीकरण १७०९ मध्ये पूर्ण झाले.

१७०० मध्ये विल्यमने आपल्या मर्जीतील लोकांना दिलेल्या आयर्लंडमधील जप्त जमिनी परत घेण्याची तरतूद कॉमन्सने जमीनकराच्या विधेयकालाच जोडली. लॉर्ड्सने विरोध केला, पण अर्थविधेयकात फेरफार करता येईना आणि ते फेटाळले तर वर्षाचा कर बुडत होता. अखेर लॉर्ड्सने माघार घेतली आणि विल्यमने नाराजीनेच विधेयकास संमती दिली.