आरिसाका रायफलींवरील शेवंतीचिन्ह-विलोपन

जपानी लष्कराच्या आरिसाका रायफलींवरील (पहा : रायफल) सोळा पाकळ्यांचे शेवंतीचे राजचिन्ह सेवेबाहेर जाताना नष्ट करण्याची प्रथा. १९०५ चा ३८ क्रमांकाचा व १९३९ चा ९९ क्रमांकाचा या नमुन्यांत नळीच्या मुळाशी माथ्यावर कोरलेले हे चिन्ह सम्राटाची मालकी दर्शवी. १९४५ च्या शरणागतीनंतर (पहा : दुसरे महायुद्ध) ते मोठ्या प्रमाणावर घासले गेले, घासल्याचे ओरखडे अनेक रायफलींवर स्पष्ट दिसतात. हा विजेत्यांचा हुकूम होता, असे मानले जाते. परंतु शाळांना कवायतीसाठी पूर्वीच दिलेल्या रायफलींवरही चिन्ह ठसे ठोकून रद्द केलेले आढळते. म्हणून सम्राटाची मालकी संपताच त्याचे चिन्हही हटावे, ही जपानी लष्कराचीच धारणा यामागे असल्याचे अधिक ग्राह्य ठरते. रणांगणावर हस्तगत केलेल्या रायफलींवर चिन्ह सहसा शाबूत असल्याने त्याच्या अवस्थेवरून शस्त्राचा पूर्वेतिहास ताडता येतो.