चवदार तळ्याचा दावा : 'सार्वजनिक' या शब्दाचा एक इतिहास

महाडच्या चवदार तळ्याविषयी जे लेखन आपल्याकडे झाले आहे, त्याचा भर स्वाभाविकपणेच 20 मार्च 1927 या दिवसावर आहे. त्या दिवशी डॉ. आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या 108 घागरी तळ्यात ओतून पाण्याची 'शुद्धी' करण्यात आली. या घटनेमागोमाग दिवाणी न्यायालयात जे प्रकरण दहा वर्षे चालले, त्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. वस्तुतः पिण्याच्या पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न कायद्याच्या भाषेत प्रथम नीट मांडला गेला तो या दाव्यातच, असे माझे मत आहे.

प्रश्नाचे मूळ मुंबई विधिमंडळाच्या 4 ऑगस्ट 1923 च्या ठरावात आहे. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेल्या या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्य वर्गांस खुल्या कराव्यात अशी शिफारस केली. ज्या स्थळांची उभारणी व निगराणी सार्वजनिक पैशांतून होते, अथवा ज्यांची व्यवस्था सरकारनियुक्त वा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांकडे आहे, ती स्थळे या शिफारशीच्या कक्षेत येत. ही कसोटी ध्यानात घेण्याजोगी आहे. पूर्वी म. फुले यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला होता. परंतु तो एका मालकाने आपल्या मालकीच्या वस्तूविषयी घेतलेला निर्णय होता. बोले यांच्या ठरावात औदार्याचा प्रश्नच उरला नाही. ज्याचा खर्च सर्वांच्या पैशांतून होतो ते सर्वांचे, इतकाच त्याचा आशय. महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये त्यास अनुसरून तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. पुढे 4 ऑगस्ट 1927 रोजी, म्हणजे बोले-ठरावास बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, नगरपालिकेने तो रद्दही केला. हा योगायोग असेल. पण बोलका आहे.

डिसेंबर 1927 मध्ये दुसऱ्या परिषदेची व सत्याग्रहाची तयारी चालू असता काही स्पृश्य हिंदूंनी 12 तारखेस महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला. तळे स्पृश्यांच्या खाजगी मालकीच्या स्वरूपाचे आहे, अस्पृश्यांस तेथे जाण्याचा किंवा पाणी घेण्याचा अधिकार नाही, असे ठरवून मिळावे आणि कायमची मनाई व्हावी, अशी मागणी होती. 14 डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. 25 डिसेंबरला परिषद भरली, मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जाण्याचा कार्यक्रम मात्र न्यायालयाचा निर्णय होईतो तहकूब करण्यात आला. आंदोलनाच्या दृष्टीने ही माघार वाटली, तरी तिच्यामुळेच प्रतिपक्षास आपला हक्क पुराव्याने सिद्ध करणे भाग पडले. हा हुकूम 23 फेब्रुवारी 1928 रोजी उठविण्यात आला.

दाव्यात दोन मुद्दे गुंतले होते : मालकी आणि रूढी. मालकीचा मुद्दा फार काळ टिकणारा नव्हता. तळे नगरपालिकेच्या ताब्यात होते, त्याच्या सभोवार नगरपालिकेचे रस्ते होते. शिवाय भोवतालच्या जमिनीवरून वाहून येणारे पावसाचे पाणी व नैसर्गिक झऱ्यांचे पाणी त्यात साठत असे. पावसाच्या पाण्यास जात कोठून असणार, हा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेबाहेरचा. पण वाचकाच्या मनात तो उद्भवल्यावाचून राहत नाही. मुसलमानांस त्या पाण्याची मोकळीक होती, हेही येथे विसरता येत नाही.

खरा वाद रूढीचा होता. कनिष्ठ न्यायालयाने 8 जून 1931 रोजी दावा फेटाळला. अस्पृश्यांस वगळण्याची जुनी वहिवाट त्याने मान्य केली. परंतु एकाने पाणी वापरले व दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्यावरून पहिल्यास हक्क प्राप्त होत नाही, असे ठरविले. ठाण्याच्या अपील न्यायालयाने जानेवारी 1933 मध्ये त्याही पुढे जाऊन वहिवाट अनादि असल्याचे सिद्ध झालेले नाही, असा निष्कर्ष काढला. शेवटी 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड व न्या. एन. जे. वाडिया यांनी 'नरहरि दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर' या अपिलात हाच निष्कर्ष कायम केला. (1922 मध्ये अहमदाबादेस गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ते हेच ब्रूमफील्ड.) तळ्याभोवती सवर्णांची वस्ती होण्यापूर्वी पाण्यास मज्जाव करण्याचा प्रयत्न कोणी केला असेल, हेच त्यांस संशयास्पद वाटले.

या निर्णयाची मर्यादा येथेच दिसते. रूढी सिद्ध झाली असती तर ती अन्याय्य अथवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे काय, याचा विचार कदाचित करावा लागला असता, असे न्यायालयाने म्हटले आणि तो प्रश्न तसाच सोडून दिला. अर्थात महाडकरांच्या पूर्वजांनी अधिक जुना व अधिक चोख पुरावा मागे ठेवला असता तर निकाल कोणता लागला असता, हे या निकालपत्रावरून सांगता येत नाही. तहानेचा हक्क येथे प्रस्थापित झाला नाही. तो नाकारण्याचा हक्क शाबीत होऊ शकला नाही, इतकेच झाले. विजयाच्या आनंदात हा भेद पुष्कळदा नजरेआड केला जातो.

उरलेले काम कायदेमंडळास करावे लागले. 1950 मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या 15 व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव व स्नानाचे घाट यांविषयी जी तरतूद आहे, तीत राज्याच्या निधीतून पूर्णतः अथवा अंशतः निगराणी होणाऱ्या किंवा सर्वसाधारण जनतेस समर्पित केलेल्या स्थळांचा उल्लेख आहे. बोले-ठरावाची कसोटी तीत स्पष्ट ओळखू येते. 1955 च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने पाणवठ्यावर मज्जाव करणे हा गुन्हा ठरविला. पण तो पाणवठा 'जनतेतील इतर व्यक्तीं'च्या वापराचा असावा लागे. त्यामुळे एखादी विहीर सर्व जनतेची नसून विशिष्ट जातीच्याच लोकांची आहे, असे म्हणण्यास वाव राहिला. 1927 च्या दाव्यातील म्हणणे याहून फारसे निराळे नव्हते. 1976 च्या दुरुस्तीने अधिनियमाचे नाव बदलून नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे केले, आणि त्याच दुरुस्तीने या कलमात 'किंवा जनतेचा कोणताही वर्ग' या अर्थाचे शब्द घातले.